पाटी आणि पॉलिसी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाजारपेठेत संध्याकाळी एक फेरी मारली, की जबाबदारी झटकण्याचे किती प्रकार असू शकतात ते भिंतीभिंतीवर वाचायला मिळतं. लॉन्ड्रीच्या पावतीमागे बारीक टायपात छापलेलं असतं, की कपड्याचा रंग गेल्यास, कपडा फाटल्यास, जळल्यास वा हरवल्यास दुकानदार जबाबदार नाही. एवढं सगळं वगळल्यावर दुकानदार नेमका कशाला जबाबदार आहे, हे पावतीच्या पुढच्या बाजूलाही लिहिलेलं नसतं. मंगल कार्यालयात वधूवरांच्या नावांच्या थर्माकोलच्या अक्षरांशेजारीच 'दागिने व मौल्यवान वस्तू सांभाळाव्यात, हरवल्यास कार्यालय जबाबदार नाही' ही पाटी टांगलेली असते. जिममध्ये आरशावर 'व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर करावा' असं असतं. जलतरण तलावावरची 'दुर्घटना घडल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' ही सूचना तर थेट खोल पाण्याच्या टोकाला रंगवलेली असते. म्हणजे ती वाचण्यासाठी पोहता येणं आवश्यक.

या पाट्या म्हणजे आपल्याकडच्या व्यावसायिकाची खरी विमा पॉलिसी. पेंटरला एकदा पैसे दिले की काम झालं. दर वर्षी हप्ता नको, नूतनीकरण नको, सर्व्हेअरला चहा नको. शिवाय पाटी वाचणारा गिऱ्हाईक आपोआप ओशाळतो आणि तक्रार करण्याआधीच चूक आपलीच असावी असं त्याला वाटायला लागतं, हा फायदा वेगळाच. आपल्या धंद्यामुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई आपल्या वतीने विमा कंपनीने करायची, ही 'लायबिलिटी इन्शुरन्स'ची कल्पना या पाटीसमोर कशी टिकावी? रस्त्यावर गाडी काढण्यासाठी लागणारा थर्ड पार्टी विमा सोडला, तर या जातीचा दुसरा विमा मराठी मध्यमवर्गाने सहसा काढलेला नसतो. आणि तोसुद्धा तिसऱ्या माणसाच्या काळजीने नव्हे, चौकातल्या हवालदाराच्या धाकाने.

पाटीत एकच खोट आहे. कोर्टात ती चालेलच असं नाही.

1998 च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलात रात्री अकराच्या सुमाराला एक गृहस्थ मारुती झेन घेऊन आले. किल्ली दारावरच्या माणसाच्या हातात दिली, आत गेले, आणि एक वाजता बाहेर येऊन बघतात तर गाडी गायब. ती भलताच कुणीतरी चालवत घेऊन गेला होता. पार्किंगच्या टोकनवर सगळं रीतसर छापलेलं होतं: गाडी पाहुण्याने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवली आहे, चोरी झाली तरी व्यवस्थापनाकडे काही मागता येणार नाही, वगैरे. गाडीच्या विमा कंपनीने मालकाला 2 लाख 80 हजार रुपये देऊन टाकले आणि मग ती मालकाच्या जोडीने हॉटेलच्या मागे लागली. प्रकरण एकेक पायरी चढत सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि 2019 च्या नोव्हेंबरात निकाल लागला. किल्ली हातात घेतली की गाडी सांभाळणं आलंच. हलगर्जीपणा हॉटेलचा असेल तर 'ओनर्स रिस्क' छापून तो पाहुण्याच्या गळ्यात घालता येत नाही. यात एकवीस वर्षं गेली. तोवर मारुतीने झेन बनवायचंच बंद केलं होतं.

बँकांच्या लॉकरचंही तसंच. आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही, सबब गेलं तर आम्ही जबाबदार नाही, हा बँकांचा जुना पवित्रा. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला आणि रिझर्व्ह बँकेने 1 जानेवारी 2022 पासून नियम लागू केला, की आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर यामुळे लॉकरमधल्या वस्तू गेल्या तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट. वर्षाला 3,000 भाडं असेल तर 3 लाख. आजीच्या पाटल्या आत असतील तर आजीला यातलं काही न सांगणंच बरं.

दुसऱ्याच्या नुकसानीशी आपला संबंध काय, या प्रश्नाचं आधुनिक उत्तर एका गोगलगायीने दिलं. 26 ऑगस्ट 1928 च्या संध्याकाळी स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या एका कॅफेत मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी आइस्क्रीम आणि जिंजर बिअर मागवली. बाटली गडद रंगाची, आतलं काही दिसत नव्हतं. अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली, तेव्हा पेल्यात सडलेल्या गोगलगायीचे अवशेष उतरले, असं बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या. पण दावा लावायचा कुणावर? कॅफेवाल्याशी व्यवहार मैत्रिणीचा, कारण पैसे तिने दिले. बाटली भरणाऱ्या कारखानदाराला तर दोघींनी कधी पाहिलंही नव्हतं. त्या काळच्या कायद्याचा रोख असा, की ज्याचा करार त्याची तक्रार. फुकट प्यायलेल्याने गप्प बसावं.

1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी उलट निकाल दिला. आपल्या कृतीने ज्यांना इजा होऊ शकते हे आधी ओळखता येण्यासारखं असतं, ते सगळे आपले शेजारी. त्यांची काळजी घेणं आपलं कर्तव्य, मग करार असो वा नसो, असं लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी मांडलं. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती ज्यांच्या छतातून ठिबकते त्या मुंबईकरांना शेजाऱ्याची ही व्याख्या लगेच पटेल. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात. या गोगलगायीच्या पोटात अख्खा कायदा निघाला. गंमत म्हणजे बाटलीत ती खरोखर होती का, हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. साक्षीपुराव्यापर्यंत मामला पोचण्याआधीच कारखानदार वारला आणि प्रकरण आपसात मिटलं.

अर्थात प्रत्येक अपघाताला कुणीतरी धनी असतोच असंही नाही. 1947 मध्ये मँचेस्टरमधल्या चीटम क्रिकेट क्लबच्या मैदानातून एक उंच षटकार कुंपणावरून बाहेर गेला आणि आपल्या घरासमोर उभ्या असलेल्या बेसी स्टोन यांना लागला. तीस वर्षांत साधारण सहाच वेळा चेंडू असा बाहेर गेला होता, एवढ्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी क्लबला निष्काळजी म्हणता येत नाही, असा निर्णय लॉर्डांनी 1951 मध्ये दिला. शिवाजी पार्कभोवतीच्या इमारतींतल्या काचांना या निकालाचा काही उपयोग नाही. तिथे सहा हा आकडा रविवारी सकाळीच ओलांडला जातो.

तर शेजारी असे वाढत गेले आणि त्यांच्या मागोमाग विम्याचे प्रकारही. सर्वांत सरळ प्रकार पब्लिक लायबिलिटीचा. दुकानातल्या ओल्या फरशीवरून गिऱ्हाईक घसरलं, पावसाळ्यात नावाचा बोर्ड कुणाच्या डोक्यात पडला, हॉटेलचं झुंबर पंगतीत उतरलं, तर त्याची भरपाई. मात्र हॉटेलवाल्याने पॉलिसी नीट वाचली तर त्याला कळतं, की लिफ्ट, पोहण्याचा तलाव आणि खाणंपिणं यांचं कव्हर बरेचदा वेगळं मागून घ्यावं लागतं. म्हणजे मूळ पॉलिसीत पाहुण्याने जिन्याने यावं, पाण्यापासून लांब बसावं आणि उपाशी परत जावं अशी अपेक्षा असते.

या बाबतीत महाराष्ट्रात सर्वांत पुढे कोण, तर गणेशोत्सव मंडळं. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने 2025 साली काढलेला विमा 474.46 कोटी रुपयांचा होता. त्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांचे 67 कोटी, पब्लिक लायबिलिटीचे 30 कोटी आणि सगळ्यांत मोठा वाटा, 375 कोटी, वैयक्तिक अपघात विम्याचा: स्वयंसेवक, पुजारी, आचारी, सुरक्षारक्षक आणि चपला सांभाळणारे यांच्यासाठी. चपला सांभाळणाऱ्यांचा विमा आहे. चपलांचा असल्याचं ऐकिवात नाही. विघ्नहर्त्याच्या दारात विमा कशाला, असा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मंडळाच्या खजिनदाराला तो कधीच पडत नाही. यातला फरक मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे: स्वयंसेवकाला लागलं तर अपघात विमा, आणि मंडपाचा खांब दर्शनाला आलेल्या भाविकावर पडला तर लायबिलिटी. पहिल्यात चूक कुणाची हे कुणी विचारत नाही. दुसऱ्यात आधी तेच विचारतात.

एक पब्लिक लायबिलिटी विमा असा आहे, की तो सक्तीचा आहे आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ घडलं. हजारो माणसं गेली, आणि भरपाईचा वाद तडजोडीपर्यंत यायला 1989 चा फेब्रुवारी उजाडला; रक्कम ठरली 47 कोटी डॉलर. त्यानंतर 1991 मध्ये कायदा झाला, की घातक रसायनं हाताळणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने आधी असा विमा काढायचा, आणि अपघात झाला तर चूक कुणाची याचा निवाडा होण्याची वाट न पाहता बाधितांना तातडीची मदत मिळायची. हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीतही भरायची. कायदा झाला तेव्हा त्याच्या परिशिष्टात मृत्यूसाठी लिहिलेली रक्कम होती 25,000 रुपये, आणि बरीच वर्षं ती तशीच राहिली.

कामगारांच्या बाबतीत तर हिशेब बोटांवर आला आहे, आणि हे अक्षरशः. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलं होतं. कुठला अवयव गेल्यावर माणसाची कमावण्याची क्षमता किती टक्के जाते, त्याचा तक्ता त्यात आहे. अंगठा: 30 टक्के. तर्जनी पूर्ण गेली: 14. मधलं बोट: 12. अनामिका किंवा करंगळी: 7. भोसरीच्या पॉवर प्रेसवर किंवा इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्याच्या हाताकडे एका कारकुनाने बसून, पट्टी लावून पाहावं तसा तो तक्ता आहे. तबलजी, शिंपी आणि हिशेबनीस यांची करंगळी त्यात एकाच भावाने मोजली जाते. मालकाने एम्प्लॉयर्स लायबिलिटीची पॉलिसी घेतली असेल तर या टक्क्यांचे पैसे विमा कंपनी देते; नसेल तर मालकाला स्वतःच्या बोटांवर हिशेब करावा लागतो. इंग्लंडमध्ये 1880 साली मालकांवर अशी जबाबदारी टाकणारा कायदा आला आणि त्याच साली तिचा विमा विकणारी कंपनीही निघाली. अशा विम्याने मालक बेफिकीर होतील, असा आक्षेप त्या काळी गंभीरपणे घेतला जायचा. विमा नसताना मालक किती फिकीर करत होते, हा प्रश्न आक्षेप घेणाऱ्यांनी कामगारांना विचारला नसावा.

वस्तू विकणाऱ्यासाठी प्रॉडक्ट लायबिलिटी असते. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि त्यात बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा असे तिघेही सापडतात. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे ब्रीदवाक्य बिलावर छापणाऱ्यांनी हा कायदा सवडीने वाचावा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं त्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेलं आहे.

मात्र खरी रंगत येते ती पांढरपेशांच्या बाबतीत. बुद्धी विकणाऱ्याची चूक झाली तर तिचं काय, हा प्रश्न फार पुराणा आहे. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याने पावणेचार हजार वर्षांपूर्वी त्याचं उत्तर दगडावर कोरून ठेवलं. मोठ्या शस्त्रक्रियेत प्रतिष्ठित रोगी दगावला तर वैद्याचे हात तोडायचे. बांधलेलं घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मारायचं. या पद्धतीत हप्ता नव्हता, सर्व्हेअर नव्हता आणि क्लेम रखडत नसे. बिल्डरांची संघटना त्या काळी नसावी.

आता हात तोडत नाहीत, त्याऐवजी वकिलाची नोटीस येते, आणि तिच्यासाठी प्रोफेशनल इन्डेम्निटी नावाचा विमा असतो. डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट, इंजिनिअर, सॉफ्टवेअरवाले असे सगळे त्याचे गिऱ्हाईक. यात डॉक्टर सर्वांत आधी शहाणे झाले, कारण 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते असं ठरवलं. तेव्हापासून पेशंट हा पेशंटही आहे आणि ग्राहकही. भरपाईचे आकडे कसे बदलले ते दोन खटल्यांवरून दिसतं. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचार चालू असताना दगावला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर. ते कोर्टात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि डॉक्टरच्या हलगर्जीपणाबद्दलची भरपाई कायम झाली: 3,000 रुपये. 2013 मध्ये कोलकात्याच्या एका रुग्णालयातल्या चुकीच्या उपचारांमुळे ओढवलेल्या मृत्यूबद्दल त्याच न्यायालयाने 5 कोटी 96 लाख रुपये आणि वर व्याज द्यायला लावलं. तिथेही न्याय मागणारा, म्हणजे मृत स्त्रीचा नवरा, डॉक्टरच होता.

डॉक्टर असे कचाट्यात सापडले असताना वकिलांचं काय झालं? 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वकिलाच्या सेवेबद्दल ग्राहक आयोगात जाता येणार नाही. कारणांपैकी एक असं, की वकील काम कसं करतो यावर अशिलाचं बऱ्यापैकी थेट नियंत्रण असतं. तालुक्याच्या कोर्टाबाहेर वडाच्या पारावर सकाळी दहापासून वकीलसाहेबांची वाट बघत बसलेल्या अशिलाला आपल्या हाती एवढं नियंत्रण आहे याची कल्पना नसते. निकाल कानावर गेला, तरी तो साहेबांना फोन लावण्याआधी दोनदा विचार करील. वकिलांना दिवाणी दाव्याला तोंड द्यावं लागू शकतं, ती वाट बंद झालेली नाही. पण त्यासाठी दुसरा वकील करावा लागतो.

यापुढे न्हाव्याचा नंबर. एप्रिल 2018 मध्ये दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलातल्या सलूनमध्ये मॉडेलिंग करणारी एक तरुणी गेली आणि खालून चार इंच केस कापायला सांगितले. तिचं म्हणणं असं, की कापून झालं तेव्हा वरून चारच इंच शिल्लक राहिले होते. म्हणजे इंच चारच, फरक फक्त कुठल्या टोकाकडून मोजायचे एवढाच. 2021 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने भरपाई ठरवली 2 कोटी रुपये. 2023 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो आकडा रद्द केला आणि 2 कोटींचा हिशेब पुराव्यानिशी लागला पाहिजे, म्हणून प्रकरण परत पाठवलं. त्या काळात देशभरच्या सलूनवाल्यांनी गिऱ्हाइकाच्या मानेवर बोट टेकवून 'इथपर्यंत ना साहेब?' हा प्रश्न एकदाऐवजी तीनदा विचारायला सुरुवात केली असल्यास नवल नाही.

कंपनीच्या संचालक मंडळावर बसणाऱ्यांसाठी डिरेक्टर्स अँड ऑफिसर्स लायबिलिटी असते. निवृत्त सनदी अधिकारी, प्राध्यापक, नामांकित डॉक्टर यांना स्वतंत्र संचालक म्हणून मानाने बोलावलं जायचं. काजू खायचे, दाखवलेल्या जागी सही करायची, मानधन घ्यायचं. 7 जानेवारी 2009 रोजी 'सत्यम'चा घोटाळा उघड झाला आणि काजू घशात अडकले. सही केलेल्या कागदावर काय लिहिलं होतं, असं विचारणारे लोक जगात आहेत, हे तेव्हा कळलं. आता बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना स्वतंत्र संचालकांसाठी असा विमा काढावाच लागतो. हप्ता कंपनी भरते, आणि संचालक दोषी ठरला नाही तर तो हप्ता त्याच्या मानधनात धरत नाहीत. माणूस निर्दोष असेपर्यंत विमा ही भेट आणि दोषी ठरला की पगार, असा हा हिशेब.

प्रकार समजले, पॉलिसी घेतली, की मग ती वाचायची पाळी येते. इथे भल्याभल्यांचं घोडं पेंड खातं. वरची एक ओळ सगळं देते आणि पुढची दहा पानं ते एकेक करून काढून घेतात. डॉक्टरांच्या पॉलिसीत बरेचदा नशेत केलेले उपचार, सौंदर्यासाठीची प्लास्टिक सर्जरी आणि वजन उतरवण्याची औषधं वगळलेली असतात. दंड वगळलेला असतो, मुद्दाम केलेली चूक वगळलेली असते, युद्ध तर प्रत्येक पॉलिसीत वगळलेलं असतं. रकमेचेही दोन आकडे असतात: एका घटनेला जास्तीत जास्त किती, आणि वर्षभरात सगळं मिळून किती. वकिलाची फी बहुधा त्याच रकमेतून जाते. त्यामुळे खटला जितका रंगतो तितकी भरपाईसाठीची शिल्लक घटत जाते.

त्यातही मेख आहे ती तारखांची. यातल्या बऱ्याच पॉलिसी, विशेषतः पांढरपेशांच्या, चूक कधी झाली यापेक्षा दावा कधी आला हे बघतात. दावा येतो त्या दिवशी पॉलिसी चालू हवी, आणि चूकही पॉलिसीत नमूद केलेल्या जुन्या तारखेनंतरची हवी. आर्किटेक्ट निवृत्त होतो, पॉलिसी बंद करतो, नातवंडांत रमतो; आणि तीन वर्षांनी त्याने काढलेल्या गच्चीतून पाणी गळायला लागतं. पॉलिसी म्हणते, चूक तेव्हाची खरी, पण दावा आत्ताचा. आर्किटेक्ट म्हणतो, तेव्हा हप्ता भरत होतो. दोघांचंही खरं असतं आणि पाणी गळतच असतं.

सर्वांत अवघड अट मात्र वेगळीच आहे. विमा कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं आश्वासन द्यायचं नाही, तडजोड करायची नाही. म्हणजे वाढप्याच्या हातून पाहुण्याच्या पैठणीवर रस्सा सांडला, तरी मालकाने 'चुकलं हो ताई' म्हणायचं नाही. बिलाखाली 'चू. भू. द्या. घ्या.' छापणाऱ्या लोकांना ही अट पाळणं जड जातं. कॅनडात उठताबसता सॉरी म्हणायची पद्धत. तिथे हा पेच इतका वाढला, की ब्रिटिश कोलंबियाने 2006 मध्ये आणि ओंटारिओने 2009 मध्ये कायदाच केला: माफी मागणं म्हणजे चूक कबूल करणं नव्हे. आपल्याकडे अशा कायद्याची गरज अजून पडलेली नाही, कारण माफी मागण्याचं प्रमाण तेवढं नाही.

आणि हे सगळं विकणाऱ्या माणसाचे हाल कुणी बघावेत! ठाण्यातल्या एखाद्या केटररच्या ऑफिसात तो बसलेला असतो. मागे कढया धुतल्याचा आवाज, टेबलावर मेन्यूकार्डांचा गठ्ठा, भिंतीवर 'आमची कुठेही शाखा नाही'. केटररकाका निवांत असतात.

"अहो, तीस वर्षं लोकांना जेवायला घालतोय. कुणाला साधी उचकी लागली नाही."

"तेच लिहू इथे, काका. फॉर्ममध्ये प्रश्नच आहे: पूर्वी कधी दावा किंवा दावा होईल असा प्रसंग?"

"लिहा, नाही."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज येतो: "आणि ते शहापूरचं लग्न? अंगूर बासुंदीचं?"

शांतता पसरते. "ती बासुंदी नव्हती," काका सावरतात, "पाणी त्यांच्या हॉलचं होतं." ब्रोकर पेन थांबवतो. फॉर्मवर खरं ते सगळं सांगणं ही या धंद्यातली पहिली अट असते. लपवलं आणि पुढे उघड झालं तर पॉलिसीच रद्दबातल ठरू शकते. किती लोकांना त्रास झाला, नोटीस आली होती का, असं तो हळूच विचारतो. काकूंना सगळं तपशीलवार आठवत असतं. वरपक्षाकडच्या एका मामांचं नावसुद्धा.

हप्त्याचा आकडा निघतो. काका तो पानाच्या कोपऱ्यात लिहून त्याला एका लग्नातल्या ताटांनी भागून बघतात आणि जरा नरम पडतात. मग व्यापाऱ्याचा नेहमीचा शेवटचा प्रश्न येतो.

"समजा तुम्ही मला चुकीची पॉलिसी गळ्यात मारलीत. ऐन वेळी निघालं की बासुंदी यात येतच नाही. मग मी कुणाला धरायचं?"

"आम्हाला धरा, काका. त्याचाही विमा आहे. ब्रोकर कंपनीने स्वतःचा प्रोफेशनल इन्डेम्निटी विमा काढलाच पाहिजे, असा विमा नियामकाचा नियम आहे."

काका खुर्चीत सरसावून बसतात, चष्मा लावतात आणि हात पुढे करतात. "मग माझी राहू द्या. आधी तुमची पॉलिसी काढा बघू, त्यात काय काय वगळलंय ते वाचतो."